यंत्राचं सिम कुणाच्या नावावर?

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात सिमकार्डावर लेख कशाला, असं कुणी विचारलंच तर माझं उत्तर सरळ आहे. या विषयाचे नियम इंग्रजीत, कंपन्यांचे करार इंग्रजीत, आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्टही इंग्रजीत. आणि ज्यांच्या मळ्यात, टाकीवर, गाडीत ही यंत्रं बसतात ती आमच्या बेळगाव-खानापूरकडची माणसं प्रश्न विचारतात मराठीत. त्यांना मराठीत उत्तर देता आलं पाहिजे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, मंडळाचा जुना सभासद आहे, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं ते बरंच झालं.

मोबाईल नेटवर्कवर बोलणारी यंत्रं आपल्या भागात कधीच घरोघरी पोचली आहेत. उसाला पाणी पाजायला रात्री दोनला थ्री-फेज येते. पूर्वी माणूस बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीकडं जायचा, पायाखाली काय येईल याचा भरवसा नसायचा. आता मोटारीच्या पेटीत ‘मोबाईल स्टार्टर’ असतो. घरातून अंथरुणात पडल्या पडल्या फोन लावला की मोटर सुरू. त्या स्टार्टरच्या पोटात एक सिम असतं. घराबाहेर भिंतीवर बसणाऱ्या नव्या स्मार्ट मीटरमध्येही बहुतेक वेळा असतं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सींना एआयएस-१४० या मानकाप्रमाणं ठिकाण कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं, त्यातही सिम असतं. म्हणजे बोलणाऱ्या माणसांइतकीच न बोलणारी गिऱ्हाइकं मोबाईल कंपन्यांकडं वाढत चालली आहेत.

उदाहरण म्हणून पाण्याच्या टाक्यांचंच घेतो, कारण आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम त्यावर चालू आहे. खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. टाक्या बारा आणि वॉटरमन एकच. कुठली टाकी भरून वाहतेय आणि कुठली कोरडी पडलीय, हे त्याला गाडी मारत जाऊन बघावं लागतं. मुलांनी टाकीतल्या पाण्याची उंची मोजून दर पंधरा मिनिटांनी कळवणारा डबा बनवला. पंचायतीत दाखवला. सगळ्यांना आवडला. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “सर, मशीन झ्याक आहे. पण त्याला महिन्याच्या महिन्याला रिचार्ज कोण मारणार?”

त्या खोलीत विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो होता. डब्याचा खर्च एकदा होतो. त्याचं बोलणं चालू ठेवायचा खर्च डबा जिवंत आहे तोवर होतो. अशा बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सेन्सर, बॅटरी, पेटी, वायर यांची किंमत रुपयापर्यंत काढलेली असते आणि सिमच्या रकान्यात नुसतं ‘रिचार्ज’ लिहिलेलं असतं. मुलं पास होऊन जातात, रिचार्ज संपतो, आणि टाकीवरचा डबा पक्ष्यांचं घर होतो. वॉटरमन पुन्हा गाडीला किक मारतो. पाणी मात्र या मधल्या काळात कुणीच बघितलेलं नसतं, कारण ‘मशीन कळवतंय की’ असं सगळे धरून चाललेले असतात. बंद पडलेलं यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा जास्त घातक ठरतं ते असं.

तर आधी रिचार्जचा हिशेब. दुकानातून आणलेलं साधं प्रीपेड सिम घातलं आणि २८ दिवसांचा १९९ रुपयांचा पॅक धरला, तर वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. एका सिमचे २,५८७ रुपये. बारा टाक्यांचे ३१,०४४. पाच वर्षांचे दीड लाखाच्या वर. आणि एवढे पैसे देऊन आपण घेतो काय, तर अमर्याद बोलणं आणि ढीगभर डेटा, ज्याचा आपल्या डब्याला काडीचा उपयोग नाही. त्याला दिवसाला लागतो तेवढा डेटा आपला फोन एक फोटो पाठवताना संपवतो. शिवाय बारा सिमच्या बारा तारखा. एखादी चुकली की टाकी मुकी. जास्त दिवस वापर नसला की नंबरच जातो, आणि ठरावीक काळानं तो दुसऱ्या कुणाला दिलाही जातो.

पण पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. ही बारा सिम घेणार कुणाच्या नावावर?

मुलांचं उत्तर ठरलेलं असतं: “सर, आम्ही आमच्या आधारवर घेतो की.” इथं थांबावं लागतं. आपल्या देशात एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्या मिळून जास्तीत जास्त नऊ मोबाईल कनेक्शन असू शकतात; जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. म्हणजे बारा टाक्यांचा हिशेब पहिल्याच पायरीवर कोलमडतो, मग ‘उरलेली तीन मित्राच्या नावावर’ सुरू होतं. २०२३च्या दूरसंचार कायद्यात ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त सिम बाळगण्यासाठी पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचं एक वेळ बाजूला ठेवा. डोंगरातल्या टाकीवर, कुलूप नसलेल्या पेटीत, तुमच्या नावाचं, कुणालाही फोन लावू शकणारं, इंटरनेटवर कुठंही जाऊ शकणारं एक सिम पडून आहे. ते कुणी काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं आणि त्यावरून कुणाला फसवलं, तर पोलीस पहिल्यांदा कुणाच्या दारात येतील? ज्या मुलानं तीन वर्षांपूर्वी ‘प्रोजेक्टसाठी’ अंगठा दिला आणि जो आता पुण्यात नोकरी करतोय, त्याच्या. (वाचता वाचता एक काम करा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रयोग केला तेव्हा चहा निवला.)

सिमची अशी चोरी ही नुसती कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहरात वाहतुकीचे दिवे मोबाईल नेटवर्कला जोडले होते. दिवा बिघडला की तो आपण होऊन कार्यालयाला कळवणार, अशी सोय. २०१०-११च्या सुमारास चोरांना त्यातल्या सिमचा पत्ता लागला. सुमारे चारशे सिग्नल त्यांनी फोडले आणि ती सिम घालून पोटभर फोन केले. बिल आलं ते शहराला, आणि चौकाचौकांत दिवे बंद पडले ते वेगळंच. दिव्याच्या सिमला माणसासारखं बोलता येत होतं, हे त्यातलं मूळ दुखणं.

भारतातले नियम या दुखण्यावरच बेतलेले आहेत. यंत्रांसाठी वेगळं सिम असतं, त्याला ‘एम टू एम’ सिम म्हणतात, म्हणजे मशीन टू मशीन. मराठीत ‘यंत्राचं सिम’ म्हणायला काहीच हरकत नाही, मी तसंच म्हणतो. त्याचा नंबर दहा आकडी नसतो, तेरा आकडी असतो. आठवत असेल तर फेब्रुवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपवर मोठा गोंधळ उडाला होता, की आता सगळ्यांचे मोबाईल नंबर तेरा आकडी होणार. लोक लग्नपत्रिका छापायच्या थांबवतात की काय, असं झालं होतं. त्या अफवेच्या मुळाशी एवढीच गोष्ट होती, की १ जुलै २०१८ पासून नव्या यंत्र-सिमना तेरा आकडी नंबर द्यायचं ठरलं. आपल्या दहा आकड्यांना कुणी हात लावला नव्हता. उलट यंत्रं करोडोंनी वाढणार असल्यामुळं माणसांचे दहा आकडी नंबर अपुरे पडू नयेत म्हणून तर ही वेगळी मालिका.

यंत्राच्या सिमवर त्याच वर्षी दूरसंचार विभागानं बंधनंही घातली. ते सिम वाटेल त्याला फोन करू शकत नाही. आधीच कळवलेल्या मोजक्या नंबरांशीच त्याचं बोलणं आणि एसएमएस. डेटाही आधीच कळवलेल्या ठिकाणीच जाणार. सासरी नव्यानं आलेल्या सुनेला पूर्वी जेवढी मोकळीक असायची तेवढीच. पण चोरानं असं सिम काढून फोनमध्ये घातलं तर त्याच्या हाती काही लागत नाही, हा याचा फायदा.

बारा टाक्यांच्या आखणीवर याचे दोन परिणाम होतात, ते आमच्या मुलांना प्रयोगशाळेत कधी दिसत नाहीत, कारण तिथं सगळं कॉलेजच्या वायफायवर चालतं. पहिला असा, की माहिती ज्या सर्व्हरवर जाणार त्याचा पत्ता कायमचा हवा. फुकटातला सर्व्हर घेतला, सहा महिन्यांनी त्याचा पत्ता बदलला, की बाराही डबे एकाच दिवशी मुके होतात. डबे चांगले, सिम चालू, पण जायला परवानगी असलेलं घरच जागेवर नाही. कायम पत्त्याचा सर्व्हर म्हणजे वर्षाचा खर्च, तो अंदाजपत्रकात पाहिजे. दुसरा परिणाम, वॉटरमनला एसएमएस. डब्यानं थेट पाठवायचा तर वॉटरमनचा नंबर कंपनीकडं नोंदवलेला हवा. वॉटरमन बदलला की पुन्हा अर्ज. सर्व्हरवरून एसएमएस पाठवायचे म्हटलं तर ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणं पाठवणाऱ्या संस्थेची, नावाची आणि मजकुराच्या साच्याचीसुद्धा आधी नोंदणी लागते. ‘टाकी क्रमांक अमुक, पाणी तमुक टक्के’ एवढं वाक्यही आधी मंजूर करून घ्यायचं. आम्ही एसएमएसचा नाद सोडायचं ठरवलंय. डबा डेटानं सर्व्हरला कळवेल आणि वॉटरमनच्या फोनवर एक साधं अॅप ते दाखवेल. त्याच्याकडं स्मार्टफोन आहेच, त्यावर तो आमच्यापेक्षा जास्त रील बघतो.

आता मूळ प्रश्न, नाव कुणाचं. यंत्राचं सिम एखाद्या विद्यार्थ्याच्या आधारवर मिळत नाही आणि मिळूही नये. ते घेते संस्था. ८ फेब्रुवारी २०२२ला दूरसंचार विभागानं यासाठी नोंदणीची पद्धत जाहीर केली. यंत्रांची जोडणी पुरवणाऱ्याला ‘एम टू एम सेवा पुरवठादार’ म्हणून ‘सरल संचार’ पोर्टलवर नोंद करावी लागते. कंपनीच हवी असं नाही, भागीदारी, एकट्याची फर्म, सोसायटी, ट्रस्ट, सरकारी संस्था, कुणीही नोंद करू शकतं. विकण्यासाठी नाही, स्वतःच्याच वापरासाठी यंत्रं चालवायची असली तरी ही चौकट लागू आहे. नोंदणी करणाऱ्यानं वही ठेवायची: कुठलं सिम कुठल्या यंत्रात आहे, त्या यंत्राचा आयएमईआय काय, ते प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात आहे. यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं तर वहीत बदल करायचा.

म्हणजे पंचायतीपुढं दोन वाटा उरतात. एक, स्वतः किंवा कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टनं नोंदणी करून मोबाईल कंपनीकडून सिम घ्यायची. ही वाट कागदावर सुंदर आहे, पण बारा सिमसाठी मोठ्या कंपनीचा विक्री-माणूस आपला फोन तिसऱ्या वेळी उचलत नाही, हा माझा अनुभव. त्यांना हजारांचे आकडे ऐकायची सवय असते. दुसरी वाट, आधीच नोंदणी झालेल्या एखाद्या पुरवठादाराकडून सेवा घ्यायची. सिम त्याच्या नावावर, यंत्राचा ताबा पंचायतीकडं, आणि वहीत तसं लिहिलेलं. लहान कामाला मी हीच वाट सुचवतो. मात्र करारात एक ओळ घालून घ्या: पुरवठादार बदलायचा झाला तर काय. बारा ठिकाणी शिडी लावून सिम बदलायला लागणार असतील तर तो खर्च कुणाचा, हे लग्नाआधी ठरलेलं बरं.

ऑनलाइन किटबरोबर ‘जगात कुठंही चालणारं’ परदेशी सिम मिळतं, मुलांना त्याची फार भुरळ. ते इथं रोमिंगवर चालतं, म्हणजे पाहुणा म्हणून. पाहुण्यानं कायमचं राहायचं नसतं. परदेशातून आलेल्या यंत्रांतली अशी ई-सिम सहा महिन्यांच्या आत भारतीय कंपनीच्या सेवेवर आणावीत, अशी शिफारस ट्रायनं मार्च २०२४ मध्ये केली आहे. पाच वर्षांसाठी बसवायच्या टाकीला हा आधार धरू नये.

नेटवर्क कुठलं घ्यायचं, यावर मी वर्गात जरा जास्तच बोलतो, इथं आवरतं घेतो. बाजारात टू-जीचं छोटं मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं आणि यूट्यूबवरचे निम्मे धडे त्यावरच आहेत. पण जिओकडं टू-जी मुळातच नाही, म्हणजे तो टॉवर कितीही जवळ असला तरी हा डबा त्याच्याशी बोलणार नाही. एअरटेलनं २०१९ पासून थ्री-जी गुंडाळायला घेतलं. सिंगापूरनं एप्रिल २०१७ मध्ये टू-जीच बंद केलं. आपल्याकडं टू-जी अजून आहे, साध्या फोनवाल्यांमुळं आहे. पण आज बसवलेला डबा आठ-दहा वर्षं टिकावा असं वाटत असेल तर फोर-जीचं ‘कॅट-१’ जातीचं मॉड्यूल घ्या. महाग पडतं, पण सगळ्या कंपन्यांच्या फोर-जीवर चालतं. शिवाय टू-जी मॉड्यूल माहिती पाठवताना क्षणभर दोन अॅम्पिअरपर्यंत करंट ओढतं. सोलरची बॅटरी जरा मरगळलेली असली की ऐन पावसाळ्यात डबा पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसतो, आणि मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

जागेवर जाऊन बघण्याला पर्याय नाही. कंपनीच्या नकाशावर सगळा खानापूर तालुका रंगवलेला असतो. जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघा आणि फोनच्या कांड्या मोजा. ज्या टाकीवर डबा बसणार तिथंच, पेटी बंद करून, दोन-तीन कंपन्यांची सिम लावून आठवडाभर सिग्नलची नोंद घ्यायची. हे उन्हाळ्यात केलं तर जुलैत पुन्हा करायचं. पानं वाढतात, धुकं-पाऊस असतो, आणि मुख्य म्हणजे वीज जाते. टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, मग टॉवरच झोपतो. त्यासाठी डब्यात न गेलेली माहिती साठवायची सोय हवी. नेटवर्क आलं की मागचं सगळं एकदम पाठवायचं.

यातच एक सीमाभागाची गंमत. मोबाईलच्या नकाशावर देशाचे २२ विभाग आहेत. त्यात गोवा महाराष्ट्रात आहे, मुंबई महाराष्ट्राबाहेर आहे, आणि बेळगाव कर्नाटकात. आपण इतकी वर्षं ज्यावर भांडलो त्यावर दूरसंचार विभागानं आपला स्वतंत्र तोडगा काढून ठेवलाय. चोर्ला घाटाच्या बाजूच्या डोंगरावर ठेवलेलं यंत्र कधी इकडचा टॉवर धरतं, कधी गोव्याकडचा. त्याला सीमाप्रश्न ठाऊक नसतो. पण सारखी टॉवरची अदलाबदल म्हणजे सारखी बॅटरी खर्च, तेव्हा अशा ठिकाणी अँटेनाचं तोंड कुठं करायचं हे ठरवून घ्यावं.

आता डेटाचा हिशेब, माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग. टाकीची एक नोंद किती मोठी? टाकीचा क्रमांक, वेळ, पाण्याची उंची, बॅटरी: साधारण ४० बाइट. दर पंधरा मिनिटांनी म्हणजे दिवसाला ९६ नोंदी. ९६ गुणिले ४०, झाले चार किलोबाइटसुद्धा नाहीत. महिन्याला सव्वाशे किलोबाइटच्या आत. मुलं हा आकडा लिहून मोकळी होतात.

पण पत्रापेक्षा पाकीट जड असतं. दर वेळी नव्यानं सुरक्षित जोडणी करून नोंद पाठवली, तर ओळख पटवण्यातच पाच-सहा किलोबाइट जातात. चाळीस बाइटच्या चिठ्ठीसाठी दीडशेपट कागदपत्रं. सरकारी कचेरीचीच आठवण यावी. ९६ गुणिले ६, म्हणजे दिवसाला ५७६ किलोबाइट, महिन्याला १७ मेगाबाइट. त्याऐवजी एकदा जोडणी करून ती उघडी ठेवली, आणि यंत्रांसाठीच बनवलेली एमक्यूटीटी ही पद्धत वापरली, तर ‘मी जागा आहे’ असं अधूनमधून कळवण्यासकट महिन्याला दोन मेगाबाइटच्या आसपास भागतं. त्याच टाकीचं तेच पाणी, आणि खर्चात आठपटींचा फरक. करारात आणखी एक बारीक ओळ असू शकते: प्रत्येक जोडणी वरच्या दहा किलोबाइटला पूर्ण धरून बिल. तसं असेल तर पहिल्या पद्धतीत महिना १७ऐवजी २९ मेगाबाइट मोजले जातील. ही ओळ शोधून वाचा.

बारा सिमसाठी बहुतेक वेळा एकच सामाईक कोटा घेतात. प्रत्येकी १० मेगाबाइट, मिळून १२०. ज्याला कमी लागतं त्याचं उरलेलं दुसऱ्याला. एकत्र कुटुंबासारखी पद्धत, आणि तिचा धोकाही एकत्र कुटुंबासारखाच: एक उधळ्या निघाला की सगळे उपाशी. समजा जंगलाकडेच्या टाकीवर सिग्नल अर्धवट आहे. डबा जोडणी सुरू करतो, ओळख पटवण्यात सहा किलोबाइट जातात, जोडणी तुटते. वीस सेकंदांनी पुन्हा तेच. दिवसाला ४,३२० प्रयत्न, म्हणजे जवळजवळ २६ मेगाबाइट. पाच दिवसांच्या आत १२० मेगाबाइट फस्त, आणि महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस बाराही टाक्या गप्प किंवा जादा दरानं चालू. यावरचा उपाय प्रोग्रॅमच्या चार ओळींत आहे: जोडणी नाही झाली तर एक मिनिट थांब, मग दोन, मग चार, आठ, असं करत तासापर्यंत. आणि कंपनीकडून प्रत्येक सिमला दिवसाची मर्यादा लावून घ्यायची. आमच्या मुलांनी या चार ओळी लिहिल्या तेव्हा मी त्यांना चहा पाजला; सेन्सर चालला तेव्हा नव्हता पाजला.

रुपयांत सांगायचं तर यंत्र-सिमचा दर संख्येवर आणि घासाघिशीवर ठरतो. उदाहरणापुरते महिन्याला ५० रुपये धरू. बारा सिमचे वर्षाला ७,२००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,४९६. दुकानी सिमच्या ३१ हजारांपुढं हे पाव रकमेच्या थोडंच वर. मग बाकीचं मांडा: कायम पत्त्याचा सर्व्हर, दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी, आणि वर जाऊन दुरुस्ती करण्याच्या फेऱ्या. डोंगरातल्या एका फेरीचं पेट्रोल आणि माणसाचा अर्धा दिवस मोजला, तर एका सिमच्या वर्षाच्या पैशात जेमतेम एक फेरी बसते. म्हणून डेटात पाच रुपये वाचवायला डब्याचा दर्जा उतरवणं मला पटत नाही. पत्र्याच्या पेटीत एप्रिलचं ऊन खाऊन प्लॅस्टिकचं सिम वाकतं, त्याच्या पट्ट्यांवर पावसाळ्यात गंज धरतो. बोर्डवरच डाग देऊन बसवलेलं ई-सिम थोडं महाग पडतं, पण एक फेरी वाचली तरी वसूल होतं.

सिमच कमी करता येतील का, हेही मुलं तपासताहेत. जवळजवळच्या पाच-सहा टाक्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या बिनपरवाना पट्ट्यातल्या लोरा रेडिओनं एका मधल्या डब्याशी जोडायच्या आणि सिम फक्त त्या मधल्या डब्यात. बाराची दोन-तीन होतील. मध्ये डोंगर आला की हे रेडिओ हात टेकतात, शिवाय बिनपरवाना म्हणजे बिननियम नव्हे. रेडिओच्या ताकदीला मर्यादा आहे, आणि असं जाळं धंदा म्हणून चालवायचं तर त्यालाही दूरसंचार विभागाचे नियम आहेत. आणि मधला डबा झोपला की सहा टाक्या एकदम झोपतात. मी स्वतः अजून पूर्ण बाजूला झुकलेलो नाही.

आयएमईआयबद्दल एकच सांगतो. स्वस्त मॉड्यूलचा आयएमईआय बदलायची युक्ती इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडते, आणि ‘नेटवर्क घेत नव्हतं म्हणून बदलला’ असं मुलं सहज बोलून जातात. तो गुन्हा आहे, नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मॉड्यूल खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, त्याचा नंबर पेटीच्या आतल्या बाजूला आणि वहीत लिहा. उद्या हाच डबा बनवून विकायचं कुणाच्या मनात असेल तर दूरसंचार विभागाच्या टीईसीची सक्तीची चाचणी आपल्याला लागू आहे का ते आधी बघावं. गाड्यांचा माग ठेवणारी यंत्रं आणि आयओटी गेटवे त्या यादीत आहेत.

पंचायतीला द्यायचा कागद आता तयार होतोय, दोन पानी, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्यात वरचे सगळे आकडे पाच वर्षांसाठी मांडलेत, सिम कुणाच्या नावावर आणि डबा कुणाच्या ताब्यात हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलंय, आणि पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात या खर्चाला पाणीपट्टीतून वेगळी ओळ मागितली आहे. त्या ज्येष्ठ सदस्यांनी कागद वाचून आणखी एक रकाना घालायला सांगितला: वॉटरमन रजेवर असला तर फोन कुणाकडं. तो घातलाय. या कागदाचा कोरा नमुना इलेक्ट्रॉनिक्स विभागात ठेवला आहे. गोव्यात, चंदगडला किंवा आणखी कुठं आपल्या गावासाठी असं काही करायचं असेल तर मधल्या सुट्टीत येऊन घेऊन जा. आकडे मात्र आपल्या टाकीवर जाऊन भरा.